हिराबाईला कोणी सांगितलं?

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. चाळीस वर्षं नर्सिंग केलं, मेलेलं माणूस कधी परत आलेलं पाहिलं नाही. पण हा अनुभव मेलेल्या माणसाचा नाही... माझाच आहे.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. शेवगावजवळच्या एका लहानशा मिशन हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स होते. हिराबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथूनच तिला बैलगाडीतून आणलं. मुलगा झाला, पण मेलेलाच. रक्त इतकं गेलं की ती शुद्धीत नव्हती. नवऱ्याने पुरायचं काम आमचे वॉर्डबॉय यशवंतमामा यांच्यावर सोपवलं आणि तो कामावर परत गेला.

"तिला इतक्यात सांगायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "धक्का सोसणार नाही."

"डॉक्टर, मी खोटं कसं बोलू? आपण रोज प्रार्थना करून वॉर्डात पाऊल टाकतो."

"जीव वाचवणं हीसुद्धा प्रभूचीच सेवा आहे, सिस्टर."

हिराबाई शुद्धीवर आल्यावर मी तिला सांगितलं, मुलगा अशक्त आहे, दुसऱ्या खोलीत उबेत ठेवलाय.

तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात वाटी दिली. "शिस्टर, दूध वाया चाललंय. त्याला एवढं पाजा."

ती वाटी मी मोरीत ओतली. रिकामी परत नेली तेव्हा तिने विचारलं, "समदं प्यालं?" मी मान हलवली...

त्या संध्याकाळी डॉक्टरांना म्हटलं, आता माझ्याने होणार नाही. ते म्हणाले, "उद्या दुपारी दोघं मिळून सांगू."

दुसऱ्या दिवशी रविवार, माझी सुट्टी. सकाळभर मी चर्चमध्ये होते, गायनात पहिल्या रांगेत उभी. सगळ्यांनी पाहिलंय मला. दुपारी वॉर्डात आले तर हिराबाई उशीला टेकून बसलेली. डोळे सुजलेले, पण शांत.

"सकाळी सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "बोरीखाली हाय ना त्यो? तुमच्या निळ्या शालीत?"

मला काही कळेना. तो कुठे पुरलाय हे मी विचारलंच नव्हतं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "लई रडलात बाई तुमी. हात धरून माफी मागत हुता."

मी तशीच यशवंतमामांकडे गेले आणि बोरीचं, शालीचं विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "कापड न्हवतं, बाई. ड्युटी रूममधून तुमची शाल घेतली. बोरीखालीच ठेवलाय त्याला. पर मी कुनालाच बोललो न्हाई, तुमाला कुनी सांगितलं?"

त्या दिवशी ड्युटीवरची सिस्टर माझ्या दुप्पट वयाची होती. तिने शपथेवर सांगितलं, ती हिराबाईशी असं काही बोललीच नव्हती.

हिराबाई आठवड्याने चालत घरी गेली. आमच्या चर्चमधली माणसं म्हणतात, देवदूत असेल. असेलही. पण देवदूताला माफी मागायचं काय कारण? माफी मी मागायला हवी होती, ती आजतागायत मागितलेली नाही. जाताना हिराबाईने माझा हात धरून विचारलं होतं, "तुमीच हुता ना, शिस्टर?"

मी "हो" म्हणाले.

तिथे कोण बसलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.