तहकूब सभेचा अर्धा तास

आमच्या सोसायटीच्या प्रत्येक नोटिशीची शेवटची ओळ ठरलेली असते. गणसंख्या पूर्ण न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब करण्यात येईल आणि नंतर त्याच जागी, गणसंख्येची अट न ठेवता घेण्यात येईल. ही ओळ नियमातलीच आहे, सगळ्याच सोसायट्या लिहितात. आमच्याकडे मात्र लोक नोटीस वाचायला तिथूनच सुरुवात करतात. सभा दहाची असली की सगळे साडेदहाला येतात. दहाला येणारा तो वेडा, आणि तो वेडा म्हणजे मी, कारण सेक्रेटरी मी आहे. माझी निवड बिनविरोध झाली. म्हणजे ज्या रविवारी मी माहेरी अंबरनाथला गेले होते, त्या रविवारी झाली.

आमची इमारत अंबरनाथच्या पुढे, खरवईत आहे. चार मजले, लिफ्ट नाही. घर घेताना सगळेच म्हणाले होते, चार मजले म्हणजे काय, तेवढाच व्यायाम. तेव्हा सगळ्यांचे गुडघे नवे होते.

माझ्या समोरच्या दारात, चौथ्या मजल्यावर, काकू राहतात. यजमान अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि दोघं हौसेने इथे आली. यजमान गेले आणि पुढे काकूंचे गुडघे गेले. मागच्या गणपतीनंतर त्या स्वतःहून खाली उतरल्याच नाहीत. भाजी दोरीला पिशवी बांधून वर घेतात, दवाखान्यात जायचं झालं की दोघांनी खुर्चीत बसवून न्यावं लागतं. ते त्यांना इतकं लाजिरवाणं वाटतं की दुखणं अंगावर काढतात. "मला तिकडे दूर कुठे जायचं नाही गं," त्या मला म्हणायच्या, "नुसतं गेटपर्यंत जाऊन आपल्या पायांनी परत यायचंय." हे ऐकलं की मला रडू यायचं, आणि रडू आलं की राग यायचा. माझं तसंच आहे.

लिफ्टचा विषय दरवर्षी सभेत यायचा आणि दरवर्षी पुढच्या सभेवर जायचा. खर्चाचा मार्ग निघाला असता. घोडं अडलं होतं जागेवर. लिफ्ट बसेल अशी एकच जागा होती, जिन्याच्या मागचा कोपरा, आणि तो कोपरा तळमजल्यावरच्या आजींचा होता.

कागदोपत्री तो सोसायटीचाच. पण इमारत उभी आहे ती जमीन आजींच्या घरची. इथे त्यांची भातशेती होती. बिल्डरकडून त्या बदल्यात तळमजल्यावरची घरं मिळाली. जिन्यामागचा कोपरा आजींच्या स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि तिथे दिवसभर ऊन. आजी तिथे बोंबील, सोडे, जवळा वाळत घालायच्या. तो वास जिन्याच्या पोकळीतून थेट चौथ्या मजल्यावर जायचा. काकूंनी तक्रार केली, कमिटीने ठराव केला, आवारात मासळी वाळत घालू नये म्हणून फलकावर सूचना लागली. आजींनी त्या फलकाखालीच टोपली ठेवली. मग मला पाठवायचे समजावायला. आजी माझं सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या, "इथल्यासारका ऊन कुठं नाय गो" एवढंच म्हणायच्या, जाताना हातात अळूची पानं द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोंबील. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा ज्या बाईने आजींच्या मासळीवर ठराव आणला, तिच्यासाठी आजींनी कोपरा सोडायचा होता. त्यांचा मुलगा दर सभेत उठून एवढंच म्हणायचा, "आई नाय बोलते." संपला विषय.

यंदा मी नोटीस लिहायला बसले आणि डोकं फिरलं. सभा नेहमी खाली पार्किंगमध्ये होते. जिच्यासाठी लिफ्ट मागायची, ती बाई एकाही चर्चेला हजर नाही. मी स्थळ लिहिलं: चौथ्या मजल्याचा पॅसेज. चेअरमनसाहेब पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांचा लगेच फोन. "मॅडम, हे नियमात बसतं का?" म्हटलं, "पॅसेज आपल्याच इमारतीत आहे ना? मग बसतं." "अहो, पण एवढं चढायचं कोणी?" "ज्याचं जळतं त्यालाच कळतं, साहेब. एक दिवस आपणही बघू." त्यांनी फोन ठेवला.

रविवारी दहा वाजता पॅसेजमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून मी बसले. काकू आपल्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. चांगली साडी नेसल्या होत्या, केसात फूल होतं. दुसरं कोणी येणार नव्हतंच. सभा तहकूब, असं मी नेहमीप्रमाणे खुर्च्यांना सांगितलं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. एक मजला, थांबणं. पुन्हा एक मजला, थांबणं. वर आल्या त्या आजी. मुलगा एका लग्नाला गेला होता, आणि आजी आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीच्या सभेला आल्या होत्या. त्यामुळे बिचाऱ्यांना आमची रीत ठाऊक नव्हती. नोटिशीत दहा लिहिलंय म्हणून दहाला आल्या.

"बाकीची कुठं हायेत गो?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"साडेदहाला येतील."

"मंग दहा कशाला लिवता? पानी दे बाय, घसा सुकला."

मी उठणार तोच काकू म्हणाल्या, "थांब, दार माझं आहे." आणि त्या उठल्या. एक हात भिंतीवर, दुसरा दाराच्या चौकटीवर, मग फ्रिजवर, मग ओट्यावर. परत येताना एका हातात तांब्या, म्हणून भिंत एकाच हाताने. तांब्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्या साडीवर सांडत होतं. आजी बघत राहिल्या. तांब्या हातात आला तरी त्या प्यायल्या नाहीत.

"अशी चालतंस तू?"

"हो. बरेच महिने झाले."

"मना वाटलं, आमचा वास नको म्हनून तू उतरत नायस."

काकू खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष. म्हणाल्या, "वास नकोच होता. पण उतरत नाही ते गुडघ्यांमुळे."

आजी मोठ्याने हसल्या. मग एका दमात पाणी प्यायल्या आणि तोंड पदराने पुसलं. "आमचा म्हातारा असाच झालेला. आठ महिने खाटेवर व्हता. दाराबाहेर बसव, दाराबाहेर बसव, एवढंच बोलायचा. आमचं दार तरी जमिनीला व्हतं." मग माझ्याकडे वळल्या. "लाव गो तुजी लिफ्ट. घे कोपरा."

"आणि मासळी?" हे मी नाही, काकूंनी विचारलं.

आजींनी मान वर करून गच्चीच्या दाराकडे पाहिलं. गच्ची म्हणजे काकूंच्या डोक्यावरच. काकूंनीही तिकडे पाहिलं. मग काकू म्हणाल्या, "वाळवा वर. मी खिडक्या लावून घेईन." आणि लगेच, "पण कावळ्यांचं बघा हं, ते माझ्या खिडकीत आणून टाकतील."

साडेदहाला चेअरमनसाहेब कठड्याला धरून वर पोचले, मागून बाकीचे. कोणाला धड बोलता येत नव्हतं. सवयीने त्यांनी विचारलं, "तळमजल्याची हरकत?" "नाय," आजी म्हणाल्या. दोन्ही ठराव मंजूर झाले, लिफ्टचा आणि गच्चीचा. तळमजल्याने लिफ्टचा खर्च द्यायचा नाही, हेही ठरलं. त्या दिवशी मी इतकी खूश होते की सगळ्यांना, चेअरमनसाहेबांनासुद्धा, चहा माझ्याकडे.

पुढे परवानग्यांना वेळ लागला. चकरा मारून माझ्या चपला झिजल्या, भांडणंही झाली. पण लिफ्ट आली. मधल्या काळात आजी टोपली डोक्यावर घेऊन जिन्याने गच्चीवर जायच्या आणि काकूंच्या दारात पाण्याला थांबायच्या. काकूंनी खिडक्या लावल्या, पण दार उघडं असायचं. गच्चीवर कावळे ओरडले की काकू खालून काठीने कठडा बडवायच्या.

पूजा झाली आणि पहिल्यांदा काकूंना घेऊन मी लिफ्टने खाली आले. दार उघडलं. समोर जिन्यामागच्या कोपऱ्यातली उरलेली फरशी, आणि फरशीवर स्टूल टाकून बसलेल्या आजी. काकू बाहेर आल्या. मला वाटलं, आता गेटकडे निघतील. त्या दोन पावलं चालल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढे धरले, तोंड वर केलं, डोळे मिटले.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "इथे ऊन किती छान येतं."

आजी स्टुलावरून उठल्या, काकूंना तिथे बसवलं आणि म्हणाल्या, "मंग, मी एवढी वर्सं काय सांगत व्हते?"