नळीतला बोळा

खिंड ओलांडायच्या दिवशी सकाळी मी माझ्याच मोटारसायकलच्या पेट्रोलच्या नळीत कापसाचा बोळा कोंबला. दुसऱ्या कोणी नाही. मीच, पूर्ण शुद्धीत.

हे वाक्य आजवर मी कोणापुढे उच्चारलेलं नाही — आईपुढे नाही, बायकोपुढे नाही, आणि ज्याच्यापुढे उच्चारायला हवं होतं त्याच्यापुढे तर नाहीच. तुम्ही म्हणाल, एवढंच? कापसाचा बोळा? थांबा. बोळा कोंबला तोवर मी त्यातल्या त्यात बरा माणूस होतो.

आम्ही घाटंजीचे तिघं. मी — तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान. प्रकाश राठोड — तांड्यावरून शिकून मास्तर झालेला. सहल असली तरी तिचं वेळापत्रक आखणार आणि आपण ते पाळायचं. आणि वसंता मेश्राम — मोटारसायकलींचा मिस्त्री, बाजाराच्या रस्त्याला टिनाचं गॅरेज. हिमालयातल्या खिंडीवरून गाड्या न्यायच्या, ही कल्पना कोणाची? माझी. डोंगरात चालतील अशा उंच, दणकट गाड्या जुन्या बाजारातून हुडकायला कोणी लावल्या? मी. वर्षभर गावाचं डोकं कोणी खाल्लं? तेही मीच. वसंतानं तिन्ही गाड्या नट-नट उघडून पुन्हा बांधल्या, तेव्हा मी बाजूला स्टुलावर बसून तोंडानं खिंड ओलांडत होतो. प्रत्यक्षात माझ्या गाडीनं पाहिलेला सर्वांत मोठा चढ यवतमाळच्या वाटेवरचा, आणि तोही एस.टी.च्या मागे मागे.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. सप्टेंबरात आम्ही निघालो तेव्हा माझा भाऊ पाठीवर पंप बांधून आमच्या कपाशीत फवारत होता, आणि मी हेल्मेटला कॅमेरा चिकटवत होतो. आईनं कापसाची एक पुरचुंडी दिली. परसात तिची गावरानी, आखूड धाग्याच्या कपाशीची दोन झाडं आहेत, त्या कापसाच्या ती देवापुढच्या वाती वळते. म्हणाली, कानात घाल, डोंगरात वारं लागते.

वसंतानंही सोबत एक वस्तू घेतली होती. टिनाची पाटी, वीतभर, त्यावर त्यानं स्वतः ब्रशनं 'घाटंजी' रंगवलेलं. खिंडीच्या माथ्यावर दगडात ती रोवायची होती. बाकी फोटोबिटोचं त्याला काही नव्हतं.

पायथ्याच्या मुक्कामी, आदल्या संध्याकाळी, मी रस्ता पाहिला. रस्ता कसला — डोंगराला कोणी नखानं ओरबाडलं असावं तसं काहीतरी. खाली दरीत एक ट्रक पडलेला, काडेपेटीएवढा. प्रकाश म्हणाला, जुना आहे तो. म्हणजे काय? जुना असला म्हणजे तो पडलेला नसतो का? मला जेवण गेलं नाही. मी ते विरळ हवेवर ढकललं.

सरळ सांगता आलं असतं. मला भीती वाटते, मी इथं थांबतो, तुम्ही जाऊन या. एवढं बोलायला दम लागत नाही, विरळ हवेतसुद्धा. पण मग गावात काय सांगायचं? वर्षभर जे डोकं खाल्लं ते परत कुठून आणायचं? — बघा, मी किती शहाणा.

त्या वाटेवर एक ओढा लागतो, बर्फाच्या पाण्याचा, रस्त्यावरूनच वाहणारा. सकाळी घोट्याएवढा, ऊन चढलं, बर्फ वितळलं की मांडीपर्यंत. दहाच्या आत पलीकडे जायचं, नाहीतर मागे वळायचं. प्रकाशच्या वेळापत्रकात तिथं लाल रेघ होती. मी ती रेघ धरून बसलो — दोन तास वाया गेले की झालं. ते दोघं चहा पीत होते तेव्हा मी टाकीखालची नळी काढली, डाव्या कानातला बोळा उपसला, नळीत कोंबला, नळी पुन्हा बसवली. गाडी कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर थोडी चालली आणि गपकन मेली. प्रकाश ओढ्याकडे पाणी बघायला पुढे गेला. वसंता खाली बसला.

त्यानं आधी प्लग उघडला. मग एअर फिल्टर. मग सामान सोडून टाकी हलवली, गारठलेल्या बोटांनी कार्बोरेटर खोललं. बोटं तोंडाजवळ नेऊन फुंकायचा आणि पुन्हा लागायचा. मी त्याला पाने देत होतो. दहाचा मागितला की बाराचा देत होतो.

शेवटी नळी निघाली आणि बोळा हातात आला. आता, घाटंजीच्या माणसाच्या हातात कापूस आला की तो काय करतो? दोन अंगठ्यांत धरून ओढतो आणि धागा किती लांब आहे ते बघतो. वसंताचा बाप तर जिनिंगमध्ये कापूस पारखायचा. वसंतानं ओढला. पाहिला. धागा आखूड, गावरानी. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं — तोंडाकडे नाही, जरा बाजूला. आणि बोळा शर्टाच्या खिशात टाकला.

प्रकाश परत आला. पाणी चढलं होतं. काय निघालं, असं त्यानं विचारलं. वसंताची एक पद्धत होती : कॅनमधलं पेट्रोल तो नेहमी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळूनच टाकीत ओतायचा. तो म्हणाला, "माह्या फडक्याचा कापूस गेला असन."

प्रकाश त्याला नाही नाही ते बोलला. एवढ्या दूर आणून तुह्या चिंधीनं मारलं, म्हणाला. मी? मी मान हलवत होतो, प्रकाशच्या बाजूनं. प्रकाशची रजा संपत आली होती. आम्ही वळलो.

संध्याकाळी कानातले बोळे काढायला हात गेले. उजव्यात होता. डाव्यात नव्हता. तेव्हा कळलं, वसंता कुठं बघत होता ते. एक कान भरलेला, एक उघडा, असा मी दोन तास त्याच्यासमोर बसून त्याला पाने देत होतो.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. भित्रा होतो, एवढंच निघालं असतं. पण मला गोष्टी सांगायची खोड. त्या हिवाळ्यात जिनिंगपुढं अळीनं खाल्लेल्या कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असायच्या, माणसं दोन-दोन दिवस ताटकळायची, हसायला कोणाकडे काही नव्हतं. मी सांगितलं. वसंता धोतर कसं पिळतो, फडकं कसं झटकतो, खिंडीपुढं ओंजळ धरून कसा उभा राहतो — त्यातलं निम्मं झालंच नव्हतं. लोक पोट धरून हसले. पुन्हा सांगायला लावलं. दोन महिन्यांत वसंताचं नाव चिंधी पडलं. लांब निघणारा माणूस गाडी त्याला दाखवेनासा झाला. प्रकाश अजूनही सर्व्हिसिंगला यवतमाळला जातो. वसंतानं त्याची उंच गाडी विकून टाकली. खिंड त्याची राहिली ती राहिलीच.

आणि मी ही गोष्ट त्याच्यासमोर सांगत आलो. लग्नांत, बारशांत, पानठेल्यावर. त्याला माहीत आहे हे मला माहीत असताना. तो हसायचा. मला चीड यायची — काहून हसतो हा? एकदा उठून माझ्या कानाखाली का देत नाही? बघा, तेही काम मी त्याच्यावरच टाकून मोकळा.

गेल्या महिन्यात माझी गाडी खरोखर बंद पडली. नळीच तडकली होती. ढकलत त्याच्या गॅरेजला नेली. 'घाटंजी'ची पाटी तिथंच होती, उताणी. तिच्यावर तो सुटे नट ठेवतो. बाकावर मारेगावकडचा कोणी गिऱ्हाईक बसला होता, मला ओळखून म्हणाला, भाऊ, ते चिंधीचं सांगा ना. नाही म्हणायला हवं होतं.

मी सांगितलं. पूर्ण, धोतर पिळण्यासकट.

गिऱ्हाईक हसत गेला. वसंता या खेपेला हसला नव्हता. त्यानं नव्या नळीचा तुकडा कापला, हात पुसले आणि तुकडा माझ्यापुढं धरला.

"हे तूच बसव," तो म्हणाला. "तुले येते."