राणीला माहेरचं लुगडं

आमच्या घरात आमच्या हातचं एकही कापड नाही. लोकांना हे खरं वाटत नाही. जन्म गेला कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, विणण्यात, मोहाडीच्या अंगानं आमचं गाव, बापही तेच करायचा, आणि पेटी उघडाल तर आत गिरणीच्या साड्या न टेरिकॉटचे सदरे. कोसा मागावरून उतरला की व्यापाऱ्याकडे. बायको म्हणायची, "सोनाराच्या बायकोच्या कानात तरी काही लोंबते." मी म्हणायचो, "मंग तुह्या कानात कोसा लोंबवू का?" असं आमचं चालायचं.

ती गेली त्याला आता बरेच दिवस झाले. कोणी विचारतं, तिच्या हातचं काही ठेवलं का? एक आहे. पण ते इंग्लंडात आहे. तिकडे कसं गेलं ते लिहितो. शाळा मला फार नाही, चुकलं तर वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

करवतकाठी लुगडं एकट्यानं होत नाही. आडवा धागा फेकायचा धोटा अंगाचा वेगळा, दोन्ही काठांचे वेगळे. अंगाचा धागा काठाच्या धाग्याला भेटतो तिथे दोघांची अडकवण करून पुढे जावं लागते, तेव्हा काठाला करवतीसारखे दात येतात. उजवा काठ तिचा होता. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या मायनं तिला तिथे बसवली, ती शेवटपर्यंत तिथेच बसली. तिच्या बाजूचे दात माझ्यापेक्षा बारीक असत. व्यापारीही लुगडं उलगडून पहिले उजवा काठ पाहायचा. मला राग यायचा, पण खरं होतं ते खरं होतं.

तिचं माहेर साकोलीच्या पुढे, सडक अर्जुनीकडे. आमचा भंडारा जिल्हा फुटला न गोंदिया वेगळं झालं तेव्हा ती म्हणाली, "पाहा जी, सरकारनं मले परजिल्ह्यातली करून टाकली." मंग तिचा एकुलता भाऊ गेला. त्याला लेकरूबाळ नव्हतं. घराला कुलूप लागलं. तरी दिवाळीनंतर ती पिशवी भरायची. मी विचारायचो, कोठं? म्हणायची, लाखनीवरी जाऊन येऊ. लाखनीला काय होतं? रोडवर एका सरदारजीचा ढाबा होता.

एकदा माहेरावरून येताना आमची बस तिथे बिघडली होती. सरदारजीनं तिला खाट टाकून दिली, चहा दिला, न पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "बहीण समजून पाजला." ती सरळ माणूस. तिनं ते खरं धरलं न पुढच्या वर्षी राखी घेऊन पोचली. त्या दिवसापासून तो मला जिजाजी म्हणायचा न चहात मुद्दाम साखर कमी टाकायचा. म्हणायचा, "जवायाले गोड देलं का तो रोज येते." जन्म त्याचा इथलाच. बोलणं आपल्यासारखं, मधामधात हिंदी. भाऊ गेल्यावर तिचं माहेर म्हणजे तो ढाबाच. ट्रकांच्या धुरात बसून ती गावाकडच्या रस्त्याकडे पाहत राहायची न पुढे काही जायची नाही.

सरदारजीची पोरगी लग्न होऊन इंग्लंडात गेलेली. तिकडे ती न तिच्यासारखी काही माणसं एक काम करतात. पंजाबचा जो शेवटचा राजा होता, त्याला लहानपणीच इंग्रजांनी तिकडे नेलं. परमुलखातच तो मेला. इंग्लंडात एका चर्चच्या अंगणात त्याची कबर आहे. हे लोक कबरीवरचं शेवाळ काढतात, अक्षरं मिटू देत नाहीत, राजा जिथे जिथे राहिला ती घरं शोधून तिथे पाट्या लावतात. एक खोलीही मांडली त्याच्या न त्याच्या मायच्या आठवणीची. सरदारजी हे अशा तोऱ्यात सांगायचा की जसा राजा त्याचा सख्खा चुलता.

राजाच्या मायची गोष्ट त्यानं सांगितली तेव्हा बायकोनं चहाची बशी खाली ठेवली. राज्य गेलं तेव्हा मायलेकरांना वेगळं केलं. कितीक वर्षांनी भेट झाली तेव्हा तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. पोराच्या डोक्यावरून हात फिरवून ओळखलं म्हणे. मंग तीही इंग्लंडात राहिली, तिथेच मेली. पोरगा तिला जाळायला हिंदुस्थानात घेऊन आला, पण पंजाबात जाऊ दिलं नाही.

"मंग?" बायको म्हणाली.

"मंग काय ताई, नाशिकले. तुमच्या गोदावरीवर. म्हणून त पोरगी म्हणते, त्या खोलीत राणीच्या फोटोखाली टाकायले महाराष्ट्रातलं एखादं कापड पाठवा. म्या म्हटलं, कोसा पाठवतो. आपल्या घरचा." त्यानं हातानं दाखवलं, टेबलावर टाकायच्या रुमालाएवढं.

मी म्हटलं, होते. एवढासा तुकडा, त्यात काय.

बायकोचं लक्ष दुसरीकडेच. "भाऊ, तिचं शेवटचं लुगडं कोणं आणलं?"

"कोणाचं?"

"राणीचं. बाई मेली का शेवटचं लुगडं माहेरावरून येते ना. तिकडे जाऊच नाही देलं म्हणता, तं आलं कोठून?"

सरदारजीनं दाढी खाजवली. "हे कोठं लिहिलेलं नाही, ताई."

"म्हणजे नाहीच आलं," ती म्हणाली न उठली.

बसमध्ये तिनं मला सांगून टाकलं. "नाशिक आपल्याच राज्यात ना? आपल्या राज्यात बाई जळली, जवळ माहेरचं कोणी नाही. मंग आपणच माहेर."

"नाशिक कोठं, आपण कोठं! मुंबईजवळ आहे ते."

"तुमाले कोणी पायी जायले सांगून राहिलं का?"

मी म्हटलं, राणी विधवा होती, पंजाबी होती, सलवार घालत असेल का काय घालत असेल. ती म्हणाली, मेलेल्या बाईले सगळं चालते, माहेरचं असलं म्हणजे झालं.

मी समजलो बोलून विसरेल. तिनं नऊवारीचा ताणा लावायला घेतला. पांढरा कोसा, मेंदीत लाल मिसळावा असा काठ. तिनं तो रंग दोनदा उकळवला, पहिला पसंत पडला नाही म्हणून.

सरदारजी एक दिवस भंडाऱ्याला आला होता, तिथून जीप घेऊन आमच्याकडे आला. माग पाहून दारातच उभा राहिला.

"जिजाजी, हे काय? म्या रुमाल मांगतला होता!"

"तुह्या बहिणीले विचार."

"ताई, फोटोच्या खाली नऊ वार? फोटो बुडून जाईन ना!"

"फोटोले नाही ते," ती धोटा फेकतच बोलली. "राणीले आहे. तुमी माणसं रुमालात भागवता."

सरदारजी खाली बसला, डोकं धरून हसला, मंग हसणं थांबलं. "ठीक आहे," म्हणाला, "पोरगीले सांगतो, टेबल मोठा कर."

ते लुगडं मागावर असताना तिला खोकला लागला. आधी थोडा, मंग दम. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय मोठं झालं, आराम पाहिजे. आराम म्हणजे मागावरून उतरायचं. मी म्हटलं, राहू दे, रुमालच पाठवू, मी एकटा विणतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आपला धोटा उचलला. थोडं विणायची, थोडं भिंतीला टेकायची. लुगडं मागावरून उतरलं तेव्हा तिनं घडी घातली, पेटीत ठेवली न म्हणाली, "हे राणीचं आहे. कोणीही आलं, कितीही मांगितलं, हात लावायचा नाही. तुमीबी नाही." सरदारजीची पोरगी हिवाळ्यात येणार होती न्यायला. हिवाळ्याआधी बायको गेली. सकाळी चूल पेटवताना खाली बसली ती उठलीच नाही.

बायका जमल्या. आंघोळ घालायची वेळ आली तशी माझी वहिनी बाहेर आली. "माहेरचं लुगडं कोणाकडून हाय?"

माहेरी कुलूप. चुलत कोणी होते, ते पार तिकडे बालाघाटाकडे.

"काही तं पाहिजे ना भाऊजी. तसंच नेता येत नाही."

मी आत गेलो न पेटी उघडली. कोसा वरच होता. मला दुसरं काही सुचत नव्हतं. जन्मभर हिनं लोकांच्या पोरींच्या लग्नाची लुगडी विणली न स्वतः गिरणीचं नेसली. आता एकदा तरी तिच्या अंगावर तिचा कोसा असू द्या. राणी फोटोत आहे, तिला काही थंडी वाजत नाही. मी लुगडं बाहेर आणलं.

वहिनी म्हणाली, "हे सासरचं झालं. नवऱ्याच्या मागावरचं."

"मागावरचं असो का आभाळातलं, नेसवा," मी ओरडलो. तिनं मला नाही म्हटलं होतं, हे मला चांगलं आठवत होतं. पण मी लुगडं धरूनच उभा.

तेवढ्यात सरदारजीची जीप आली. कोणीतरी फोन केला होता. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी. आत लाखनीच्या दुकानातली साडी, हिरवीगार, टिकल्या-टिकल्यांची, चमकणारी, पूर्ण पॉलिस्टर. दुकानदारानं सरदार पाहून लग्नाचीच काढून दिली असेल. विणकराच्या बायकोच्या अंगावर अशी साडी कोणी ठेवत नाही. मला ती पाहूनच चीड आली.

त्यानं पिशवी वहिनीला दिली. "मी तिचा भाऊ. माहेरचं."

मंग माझ्या हातातलं पाहिलं. समजला. जवळ येऊन हळू बोलला, "जिजाजी, कोसाच नेसवा. तिचंच आहे. पोरगीले मी नाही म्हणून सांगतो. राणीचं राहू द्या, ती काय कोणाले बोलणार आहे."

तिथे बायका उभ्या, माणसं उभी, सगळे माझ्याकडे पाहत होते. तो नाही म्हणाला असता तं मी भांडलो असतो. त्यानं हो म्हटलं न माझं भांडण गेलं. माझ्या डोक्यात एकच आलं. हा दुकानात जाऊन उभा राहिला असेल, डोळ्यांचं पाणी दाढीवरून गळत, न बहिणीसाठी साडी द्या म्हणाला असेल. भाऊ आहे, साडी आणली, चमकते तं चमकते.

"टिकल्यांची नेसवा," मी वहिनीला म्हटलं. "माहेरची आहे."

तिला त्या हिरव्या साडीतच नेली, वैनगंगेवर. उन्हात साडी लांबून दिसत होती. कोसा मी परत पेटीत ठेवला, तिनं घातली होती त्याच घडीत.

हिवाळ्यात पोरगी आली न घेऊन गेली. मी तिला एकच सांगितलं, कोसा एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवशील तं घडीवर तुटेल. मधामधात उलगडून घडी बदलत जा. तिनं ते मनावर घेतलं. आता घडी बदलायची असते तेव्हा ती मला फोन लावते, तोंड दिसणारा. मला फुफाजी म्हणते, म्हणजे आत्याचा नवरा. तिथे एक लांब टेबल आहे, सरदारजीनं म्हटल्यासारखा मोठा, भिंतीवर राणीचा फोटो. ती न आणखी एक बाई हातात पांढरे मोजे घालून लुगडं उलगडतात, न तेवढा वेळ नऊ वार माझ्या डोळ्यांसमोरून जातात. मी फक्त उजवा काठ पाहतो. सुरुवातीला दात बारीक, एकसारखे. शेवटाकडे मोठे होत जातात. मागच्या वेळी पोरगी एका जागी थांबली.

"फुफाजी, यहाँ एक दाँत छूट गया है. इधर एक कारीगर है, पुराने कपड़े दुरुस्त करता है. भरवा दूँ?"

मला ती जागा माहीत होती. तिथे बायकोला खोकल्याची उबळ आली होती, धोटा हातातून पडला होता. मी म्हटलं होतं, दात सुटला, मागं घे. ती म्हणाली होती, पुढं चला.

"नको भरू, बेटा," मी म्हटलं. "त्या जागेले कोणाचा हात लागू नको देऊ. बाकी लुगडं सांभाळा."

"जी फुफाजी," ती म्हणाली. मंग दोघींनी मिळून पुढची घडी घातली.