एका कंप्युटरात दोन बिऱ्हाडं

किस्से गोळा करायला कोणी बसत नाही. शर्टाच्या खिशात बसची तिकिटं साठावीत तसे ते साठतात आणि एखाद्या दिवशी बायको धुणं टाकताना मूठभर काढून पुढ्यात ठेवते. माझ्याकडचे बहुतेक किस्से एकाच नादापायी साठले. घरच्या कंप्युटरवर विंडोज असतं, त्याच्या शेजारी कंप्युटर चालवणारी दुसरी, फुकटची प्रणाली, म्हणजे लिनक्स, बसवायचं, हा तो नाद.

आम्ही तिघं होतो. मी अमरावतीला एका तंत्रनिकेतनात कंप्युटर लॅब सांभाळायचो आणि वलगावहून रोज जाऊन-येऊन करायचो. सलीम मूळचा बाळापूरचा, अमरावतीत त्याचं कंप्युटर जोडून विकायचं दुकान. आणि गवई साहेब, एका सरकारी कार्यालयातले अधीक्षक. ते कापसाचे वाईट दिवस होते. पेपर उघडला की जीव खालीवर व्हायचा. अशात एका मासिकासोबत लिनक्सची फुकट सीडी आली आणि आमच्या हाताला चाळा मिळाला.

लिनक्स बसवलं की कंप्युटर सुरू करताना काळ्या पडद्यावर एक यादी यायची. बाणाच्या बटनानं खाली-वर जायचं आणि आज लिनक्स की विंडोज ते निवडायचं. दहा सेकंदांत निवडलं नाही, तर पहिल्या ओळीवर जे असेल ते सुरू. बस, एवढंच. पण एवढ्यानं काय काय झालं, ते सांगतो.

*

पहिला प्रयोग माझ्याच घरी, वलगावात. लिनक्ससाठी जागा करायची म्हणजे हार्ड डिस्कचे दोन भाग पाडायचे. ते चालू असताना लाइट गेली तर सगळंच गेलं. आणि आमच्याकडे तेव्हा लाइट जायची नाही, कधीमधी यायची.

सलीमनं डोकं लढवलं. बाबांचा ट्रॅक्टर अंगणात उभा करून चालू केला, त्याच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडला आणि वायर खिडकीतून आत घेतली. तासभर ट्रॅक्टर जागच्या जागी धडधडत होता. बाबा खाटेवर बसून त्याच्याकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होते. शेवटी म्हणाले, "इतक्या वेळात दोन एकर वखरून झालं असतं."

त्या काळात शेतकऱ्यांची माहिती लिहून घ्यायला गावात सर्व्हेवाले सारखे यायचे. नेमकं त्याच वेळी एक पथक दारात उभं राहिलं. त्यांच्यातल्या साहेबानं ट्रॅक्टर पाहिला, वायर पाहिली आणि बाबांना विचारलं, "काय चालू आहे?"

"कंप्युटरात दुसरं पीक घेऊन राहिले पोट्टे," बाबा म्हणाले.

साहेबानं मान डोलावली आणि फॉर्मवर लिहिलं. ते निघाले तेव्हा मी डोकावून पाहिलं. 'जोडधंदा : आहे' असं लिहिलं होतं.

*

गवई साहेबांच्या घरी लिनक्स बसलं, पण मायाताईंना, म्हणजे त्यांच्या मिसेसना, विंडोजच लागायचं. त्यांची भीमगीतं त्यात होती. साहेबांनी त्यांना सोपं करून दिलं. "यादी आली की खालचा बाण चार वेळा दाबायचा आन् एंटर." महिनाभर सुरळीत चाललं.

मग एका रविवारी साहेबांनी हौसेनं लिनक्स अपडेट केलं. तसं केलं की यादीच्या वरच्या बाजूला दोन ओळी वाढतात. हे मायाताईंना सांगायचं राहिलं. सोमवारी साहेब ऑफिसला गेले, ताईंनी चार वेळा बाण दाबला आणि एंटर मारलं. तिथं आता विंडोज नव्हतं. तिथं होती कंप्युटरची मेमरी तपासायची सोय. पडदा निळा झाला आणि टक्के चढू लागले. एक, दोन, तीन.

ताईंना वाटलं, शंभर झाले की गाणी लागतील. त्यांनी भाजी निवडायला घेतली. शंभर झाले. पडद्यावर 'पास' असं आलं आणि टक्के पुन्हा शून्यापासून सुरू. ही तपासणी आपण थांबवेपर्यंत थांबतच नाही. दुपारी मी साहेबांकडचं पुस्तक परत द्यायला गेलो, तर ताई स्टूल घेऊन कंप्युटरसमोर बसलेल्या.

"भाऊ, सकाळपासून चार वेळा पास झाला हा," त्या म्हणाल्या. "तरी परीक्षेले बसवूनच राहिले त्याले."

मी म्हटलं, "ताई, बंद करून टाका."

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "अभ्यासाले बसलेल्याले कोनी उठवते काय? आमच्या मंग्यानं एकदा तरी असा अभ्यास केला असता तर."

त्यांचा मुलगा मंगेश मागेच उभा होता. त्या दिवसापासून तो लिनक्सचा कट्टर दुश्मन झाला.

*

गवई साहेबांचाच आणखी एक. त्यांनी घरी लिनक्सवर मराठीत एक लांबलचक पत्र टाइप केलं. पाच मुद्दे होते, रात्रंदिवस खपून काढलेले. दुसऱ्या एका कार्यालयाला ते ईमेलनं पाठवलं. तिथला कंप्युटर जुना, त्यात मराठी अक्षरं दिसायचीच नाहीत. त्यांच्याकडे पत्र पोचलं ते दोन पानं नुसते चौकोन. ओळीनं चौकोन, परिच्छेदानं चौकोन. फक्त एक ते पाच हे आकडे साहेबांनी इंग्रजीत टाकले होते म्हणून तेवढे शाबूत.

आम्हाला हे पुढं कळलं, तिथल्या शिपायानं ती प्रिंट दाखवली तेव्हा. त्याआधी आठ दिवसांत त्या कार्यालयाचं रीतसर उत्तर आलं होतं. 'संदर्भीय पत्रातील मुद्दा क्रमांक एक ते चार यांच्याशी हे कार्यालय सहमत आहे. मुद्दा क्रमांक पाच पुरेसा स्पष्ट होत नाही.'

साहेब दोन दिवस अस्वस्थ होते. पाचवा मुद्दा त्यांनी पुन्हा लिहून पाठवला.

*

अकोल्याला माझे साडू राहतात, दिलीपराव. टापटिपीचा माणूस. त्यांची मुलगी कृषी विद्यापीठात शिकायची, तिच्यासाठी मी त्यांच्या कंप्युटरवर लिनक्स बसवून दिलं. एके दिवशी सकाळी दिलीपरावांचा फोन.

"हा एरर सतरा दाखवून राहिला. काळा पडदा, बाकी काही नाही."

"काही केलं होतं का तुमी?"

"मी काहून करतो? डिस्कमंदी एक मोठा तुकडा बेवारस पडला होता, ना नाव ना गाव. तेवढा साफ केला."

तो बेवारस तुकडा म्हणजे लिनक्स. विंडोजला ते ओळखू येत नाही, म्हणून दिलीपरावांना नाव दिसलं नाही. आणि सुरुवातीची ती यादी लिनक्सच्याच घरात राहते. घर पाडलं, यादी गेली, आता विंडोजकडे जायलाही वाट नाही. मागून मुलीचं रडणं ऐकू येत होतं. तिचा वर्षभराचा प्रबंध त्या कंप्युटरात, विंडोजच्या बाजूला होता आणि चार दिवसांनी द्यायचा होता.

"प्रबंध सुरक्षित असेल, मी येतो," मी म्हटलं.

"या. पण एक सांगा," दिलीपराव म्हणाले, "हा सतरावा एरर आहे, तर आधीचे सोळा कधी होऊन गेले? आमाले कोणी बोललं नाही."

मी पहिली गाडी पकडून अकोल्याला गेलो आणि सीडी टाकून विंडोजची वाट मोकळी करून दिली. प्रबंध जागच्या जागी होता. पोरगी हसली, चहा आला. दिलीपरावांनी कंप्युटर दोन वेळा बंद-चालू करून पाहिला आणि बायकोला म्हणाले, "साफ केल्यापासून कसा पटकन चालू होते, पाह्य."

*

आता बाळापूरचा. हा सलीमकडून ऐकलेला, आणि शेवटचा भाग मी डोळ्यांनी पाहिलेला.

गजानन आणि संजय हे सख्खे भाऊ. दोघांचं मिळून बी-बियाण्याचं दुकान होतं. लागोपाठ दोन हंगाम बुडाले, कोणतं बियाणं ठेवायचं यावरून वाद झाले, आणि दोघं वेगळे झाले. घरात मधोमध भिंत घातली. बोलणं बंद. भांडी वाटली, बैल वाटले, राहिला दुकानातला कंप्युटर. तो कोणी सोडेना. शेवटी सलीमला गावी बोलावलं.

सलीमनं डिस्कचे सारखे दोन भाग केले. थोरल्याला विंडोज, धाकट्याला लिनक्स. कंप्युटर एक दिवस भिंतीच्या अलीकडे, एक दिवस पलीकडे. पंचांनी पडद्यावरची यादी पाहून वाटणी मान्य केली.

पंधरा दिवसांत गजाननचा फोन. "सलीमभाई, ही वाटणी खोटी हाये. त्याच्या बाजूनं माहं सगळं दिसते. माह्या बाजूनं त्याचं काहीच दिसत नाही."

ते खरंच होतं. लिनक्समधून विंडोजच्या फायली उघडता येतात, विंडोजमधून लिनक्सच्या दिसत नाहीत. सलीम म्हणाला, "भाऊ, धाकट्याले सगळं दिसतेच. थोरल्याले दिसत नाही, अशीच दुनिया हाये."

गजाननला हे पटलं नाही. पण मग एके दिवशी त्याला त्याच्याच फोल्डरात एक नवी फाइल दिसली. संजयनं त्याच्या बाजूनं येऊन लिहून ठेवली होती. 'मायची बीपीची गोळी संपली. तुमच्या बाजूले आहे काय?' गजानननं खाली लिहिलं, 'आहे. पाठवतो. तिले मीठ कमी देत जा.' दुसऱ्या दिवशी कंप्युटर भिंतीपलीकडे गेला, संजयनं वाचलं. त्यानंही लिहिलं. भिंतीवरून कोणी एक शब्द बोललं नाही, पण फाइल वाढत गेली. मायचं पथ्य, बैलाचा खूर, पेरणी करावी की थांबावं.

पुढच्या उन्हाळ्यात मी सलीमच्या दुकानात बसलो होतो. दोघं भाऊ एकत्र आत आले. संजयच्या खांद्यावर सीपीयू होता. त्यानं तो काउंटरवर ठेवला.

गजानन म्हणाला, "सलीमभाई, भिंत पाडली. आता यात दोन नको. एकच ठेव."

"कोणतं ठेवू?"

"लिनक्स ठेव," गजानन म्हणाला. "त्याच्या हाताले तेच बसलं आहे."

"काही गरज नाही," संजय म्हणाला. "विंडोज ठेवा. दादाले दुसरं येत नाही."

"मले सगळं येते. लिनक्स ठेव म्हणलं ना."

"तुमी नेहमी असंच करता. विंडोज ठेवा, सलीमभाई."

सलीम एकदा याच्याकडे पाहायचा, एकदा त्याच्याकडे. आवाज चढत गेले. शेजारच्या दुकानातली माणसं दारात जमली. पार बियाण्यापर्यंत विषय गेला. शेवटी गजानन रागानं बाहेर पडला, संजय त्याच्यामागं. समोर ऑटो उभा होता. दोघं त्याच ऑटोत बसले आणि भांडत भांडतच बस स्टँडकडे निघून गेले.

सीपीयू काउंटरवरच राहिला.