न गळणारी कुंडी

आमच्या साडूंइतका गळतीचा हाडवैरी अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा जन्मला नसेल. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते ओतीव माल तपासायला होते. पंपाचं कवच समोर आलं की त्यात दाबानं पाणी भरायचं आणि एक थेंब जरी पाझरला तरी खडूनं फुली मारून तो माल परत भट्टीत पाठवायचा. आता हे काम माणसानं कारखान्यात ठेवून यावं की नाही! पण खडूचा तुकडा कायम सदऱ्याच्या खिशात. आमच्याकडं जेवायला आले की आधी नळ बघणार, मग माठावर टिचकी मारून कान लावणार. माझ्या बायकोच्या माहेरच्या तांब्याच्या घागरीवर त्यांनी एकदा फुली मारली, तर दोघी बहिणींत महिनाभर अबोला. नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो, तिथं तीर्थ देणाऱ्या पुजाऱ्याला हे सांगतात, "महाराज, पळी खालनं पाझरतीया." मी मुकाट्यानं दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

अशा माणसाला पामचं वेड लागावं, हेच आमचं नशीब. त्याचं मूळ त्यांच्या बहिणीच्या लग्नात होतं. कार्यालयाच्या दारात डेकोरेटरनं भाड्याचे दोन पाम ठेवले होते. अक्षता पडतात न पडतात तोवर त्याची माणसं कुंड्या उचलून दुसऱ्या लग्नाला घेऊन गेली आणि बहीण सासरी निघाली ती उघड्याबोडक्या दारातून. ते साडूंच्या काळजाला लागलं. नव्वदच्या सुमारास त्यांची एकुलती एक पोरगी पहिलीत गेली, तेव्हा पंख्यासारख्या पानांचं वीतभर रोप आणून त्यांनी जाहीर केलं, "हिच्या लग्नात दारात आपला पाम. कुणाच्या बाला उचलू देणार न्हाय!" रोप आधी तेलाच्या डब्यात, मग लोखंडी पिंपात वाढलं. पोरीची उंची आणि पामची उंची एकाच भिंतीवर खडूनं मांडलेली. पोरगी मागं पडली तरी पाम काही थांबेना. त्याची पानं ओल्या फडक्यानं एकेक करून पुसायची, आणि उन्हाळा लागला की पिंप सावलीला सरकवायला मला बोलावणं! माझी कंबर गेली ती त्या पामपायी, डॉक्टर काहीही म्हणोत. पिंपाच्या बुडाला गंजून भोकं पडली होती, म्हणून झाड जगत होतं. साडू मात्र त्या भोकांकडं बघून दात-ओठ खायचे.

पोरीचं लग्न सहा महिन्यांवर आलं. गंजकं पिंप दारात ठेवायचं कसं? साडूंनी मालकांना विचारून फौंड्रीतच बिडाची कुंडी ओतून घेतली. तिघांना उचलेना अशी! दिवसभर तीत पाणी भरून ठेवलं, बुडाखाली वर्तमानपत्र अंथरलं. कागद कोरडाच्या कोरडा. साडूंचे डोळे भरून आले.

"अहो, बुडाला भोक पाडा," मी म्हटलं. "पाणी जायचं कुठनं?"

"जाऊ कशाला द्याचं? झाडाला घातल्यालं पाणी झाडानं प्याचं का गटारीनं? पावणं, तीस वर्सं मी भोक शोधतोय. पाडायला न्हाय जन्मलो!"

आणि पाम पिंपातून काढून तसाच त्या कुंडीत लावला, कप्पाळ! दोन महिन्यांत पानं पिवळी पडली. साडू म्हणाले, तहानलंय, आणि पाणी वाढवलं. शेंडा मान टाकायला लागला, तसं नृसिंहवाडीहून कॅनभर कृष्णेचं पाणी आणून ओतलं. कुंडीला वास सुटला. मी समजावलं, भांडलो, शेवटी हात टेकले. पोरगी हळूच म्हणाली, "बाबा, भाड्याचं आणू या की." साडू भरल्या ताटावरून उठले.

लग्न आठ दिवसांवर असताना ते स्वतःच आले. "पावणं, ड्रिल मशीन घिऊन चला." आम्ही कुंडी आडवी केली. साडूंनी खिशातला खडू काढला, आपल्याच कुंडीच्या बुडावर फुली मारली आणि त्या फुलीवर स्वतः भोक पाडलं. काळं, कुजकं पाणी पायावर आलं. "माझ्याच हातनं मारलं की वो झाड," असं म्हणून ते तिथंच चिखलात बसले. सहा महिने मी टोमणे साठवून ठेवले होते, त्यातला एकही तोंडातून निघाला नाही.

लग्नात भाड्याचेच पाम आले. अक्षता पडल्यावर डेकोरेटरची माणसं कुंड्या उचलायला आली. फौंड्रीत मालकावरही ओरडणारे आमचे साडू त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. "पोरगी भाईर पडूस्तवर थांबा, बाबांनो." ती थांबली. पोरगी दोन्ही पामांच्या मधून निघाली. मग साडूंनी स्वतः कुंड्या टेम्पोत चढवल्या, आणि चढवताना प्रत्येकीच्या बुडाखाली बोट घालून बघितलं.

त्या बिडाच्या कुंडीकडं त्यांना बघवेना, म्हणून मी ती चौघांकडून उचलून आणून माझ्या दारात विटांवर ठेवली. तीत नवा पाम लावला, तो आता माझ्या कमरेला आलाय. साडू रिटायर झाले. दर रविवारी येतात, पण नळ बघत नाहीत, माठ वाजवत नाहीत. खिशात खडूही नसतो, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. गुडघे वाकत नाहीत, म्हणून दारातच उभं राहून विचारतात, "गळतंय न्हवं?"

"गळतंय की," मी म्हणतो. एवढ्यानं त्यांचं भागत नाही. मग मी तांब्याभर पाणी घालतो, कुंडीखाली हात धरतो आणि ओला तळवा त्यांना दाखवतो. त्यानंतरच ते चपला काढून आत येतात.