थोरल्याचा फोटो

गेल्या उन्हाळ्यात ज्या चेहऱ्यानं मी लोकांकडं मदत मागितली, तो माझा नव्हता. थोरल्या भावाचा होता, आणि त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आजार मात्र दोघांचा एकच. स्नायू झिजत जातात. आधी जिना चढवत नाही, मग खाली बसलं की उठवत नाही, मग उभं राहायलाही कुणाचा तरी खांदा लागतो. भावाचं सगळं मी जवळून पाहिलेलं, त्यामुळं माझं पुढं काय होणार हे मला डॉक्टरांच्या आधी कळतं. दोन्ही हात मांडीवर रोवून अंग वर ढकलायचं, ही त्याची उठायची पद्धत. पहिल्यांदा माझे हात तसे आपोआप मांडीवर गेले, तेव्हा मी घाबरून परत खाली बसलो. थोरल्याच्या पावलावर पाऊल ठेवावं म्हणतात. ठेवलं बाबा.

लातूरला एका विनाअनुदानित शाळेत मी गणित शिकवतो. पगार सांगण्यासारखा नाही. हेडसर भला माणूस, माझे वर्ग त्यांनी खालच्या मजल्यावर आणून दिले. पण फाटकापासून वर्गापर्यंत मुरमाचं लांबलचक मैदान आहे, आणि मार्चमध्ये मी तिथं दोनदा पडलो. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "सर, जूनपर्यंत काहीतरी सोय बघा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." सोय म्हणजे बॅटरीवर चालणारी खुर्ची. साधी चाकाची खुर्ची ढकलण्याइतका जोर हातात राहिलेला नाही.

नांदेडच्या दहावीच्या वर्गमित्रांचा मोबाईलवर ग्रुप आहे. त्यातल्या एकानं मदतीचं आवाहन टाकायचं ठरवलं. मी बरेच दिवस टोलवलं, शेवटी हो म्हणालो, पण फोटो काही पाठवला नाही. "अरे, फोटो पाहिल्याशिवाय कोण देतं?" तो चिडला.

फोटो म्हटलं की मला एक दुपार आठवते. भाऊ तेव्हा आमच्या गावी, नांदेडपासून तासाभरावर, खिडकीजवळच्या बाजेवर पडून असायचा. मला तेव्हा काहीच होत नव्हतं. त्याला फार मोठं काही नको होतं. सकाळी फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन चार माणसांत पेपर वाचायचा, एवढंच. गावातली मंडळी म्हणाली, फाट्यावर फ्लेक्स लावू, खुर्चीपुरतं जमेल. भाऊ लगेच तयार झाला. दाढी करून घेतली, पांढरा शर्ट घातला, उशीला टेकून छान हसला. शनिवारी मी लातूरहून आलो आणि सगळ्यांसमोर कडाडलो, "आमच्या घरात कुणी कुणापुढं हात पसरले नाहीत. खुर्ची मी आणतो, दिवाळीला."

भाऊ "बरं" म्हणाला. दोन दिवाळ्या गेल्या, त्यानं विषय काढला नाही. काढला असता तर भांडता तरी आलं असतं. तिसरीच्या आधी तो गेला, आणि दुसरा चांगला फोटो नव्हता म्हणून फ्रेममध्ये तोच लावला.

आता आवाहन गेलं ते मी लाजेनं उघडूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक बाई म्हणाल्या, "सर, फोटोत लई तरुण दिसून राहिलात," आणि मोबाईल पुढं केला. पांढरा शर्ट, उशी, तेच हसू. खाली नाव माझं. "जुना आहे," एवढंच बोललो.

माझी वाट बघून मित्रानं गावी आईला फोन केला होता. आईनं भिंतीवरची फ्रेम उतरवली, हार बाजूला ठेवला आणि शेजारच्या सुनेकडून फोटो काढून पाठवला. मित्रानं मला वीस वर्षांत पाहिलेलं नाही, आणि आम्ही भाऊ दिसायला सारखे. आई थकलीय, गोंधळली असेल, असं मी धरून चाललो.

त्याच संध्याकाळी देगलूरहून फोन आला. भावाच्या कॉलेजातला मित्र. खालचं नाव कोण वाचतं, त्यानं चेहरा ओळखला होता. "अरे, तू हाईस? मला तर कुणी सांगितलं होतं, तू..." पुढं त्याला बोलवेना. दोन वाक्यांत खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हाव, हाय." तो रडायला लागला. माझा आवाज हुबेहूब थोरल्यासारखा निघाला होता, आणि मला त्याची भीती वाटली.

सकाळी त्याला फोन करून खरं सांगितलं. वर्गमित्रालाही सांगितलं, त्यानं फोटो बदलला. पण आधीचा सुटला तो सुटलाच. माहूरपासून निलंग्यापर्यंत तो लोकांच्या मोबाईलवर फिरत राहिला. जिवंतपणी ज्याला फाट्यापर्यंत जाता आलं नाही, तो.

मेअखेरीस खुर्ची आली. शाळेतली नोकरी वाचली. आईनं हट्ट धरला, आधी गावी आण. नव्या गाडीची करतात तशी तिनं पूजा मांडली: खुर्चीला हळदकुंकू, पुढं नारळ, चाकांखाली लिंबं. भिंतीवर फोटो परत लागला होता, हारासकट.

"आई, फोटो चुकला कसा गं?" मी विचारलं.

"चुकंल कामून?" ती लिंबू सरळ करत म्हणाली. "माझी लेकरं मला वळखू येत न्हाईत का? दाढी करून बसला होता त्या फोटूसाठी. तू मागू दिलं न्हाईस. म्हणलं, आता तरी मागू दे."

माझं चुकलं होतं आणि ते सांगायला माणूस उरला नव्हता.

"तू त्याला आणून देणार होतास," ती म्हणाली. "त्यानंच तुला आणून दिली. बस आता."

मी बसलो. लिंबं फुटली. अंगणातून रस्त्यावर आलो, फाट्याच्या दिशेला वळण्याआधी मागं पाहिलं. खिडकीतून आतली बाज दिसत होती. नऊ वर्षं आईनं ती हलवलेली नाही, आणि आज तिच्यावर धुतलेली चादर होती. कुणासाठी, हे मी विचारलं नाही.