विहिणीचा डबा

विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोत उतरलो तेव्हा आमच्याजवळ रॉकेलचा स्टोव्ह, तांदूळ, बेसन, चटणीची बरणी आणि माझी बायको कमल हिचा निश्चय एवढं सामान होतं. त्यात निश्चय सगळ्यांत जड. आमच्या धाकट्या मंदानं उल्हासनगरातल्या हरेश नावाच्या सिंधी मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून कमलनं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आता भेटायला आलो, पण त्यांच्या घरी पाऊल टाकायचं नाही, ही अट.

"मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये. रीत आहे," कमल म्हणाली.

थोरलीच्या घरी हीच रीत पंधरवड्यात श्रीखंडाबरोबर गिळली होती, हे मी बोललो नाही. मला कराडला सुखानं परतायचं होतं.

म्हणून आम्ही लॉजवर. लग्नाचं कापड घ्यायला येणारी बाहेरगावची बिऱ्हाडं इथं उतरत, त्यामुळे खोलीत स्वयंपाकाचा ओटा आणि नळ होता. नळाला पाणी आहे, असं मालकांचं म्हणणं होतं. खाली जीन्स शिवायचा कारखाना. दिवसभर मशिनी धडधडत आणि आमचा पलंग हळूहळू दाराकडे सरकत जाई.

पहिल्याच दिवशी मंदा सासूला घेऊन आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"वाळलीस," कमल म्हणाली. मंदा चांगली गुटगुटीत दिसत होती.

विहीणबाईंनी स्टीलचा डबा पुढे केला. आत कोकी (कांदा घातलेली जाड, खुसखुशीत रोटी). "भेण (बहीण), घर नहीं आना तो मत आओ. पर भूखे तो मत रहो."

त्या गेल्यावर कमलनं डब्याला हात लावला नाही. मी लावला.

"संपवलंत? आता डबा रिकामा परत करू?" ती कडाडली.

भांडं रिकामं परत करायचं नाही, हीसुद्धा रीतच. स्टोव्ह फुरफुरत पेटला, खोबऱ्याच्या वड्या झाल्या आणि मी त्या पोचवल्या. संध्याकाळी डबा साई भाजीनं (पालक आणि डाळ घोटून केलेली भाजी) भरून परत आला. रीत तिकडेही हीच निघाली! मग आमचं पिठलं गेलं, त्यांचं दाल पकवान आलं. गूळ आण, बेसन आण, डबा पोचव; फर्निचरच्या आणि कापडाच्या दुकानांमधून माझा हमाल झाला. एकदा बाजारातून लवकर आलो तर कमल डब्यात बोटं घालून बसलेली.

"मीठ बघतेय," ती म्हणाली. चार कोक्यांचं मीठ बघून झालं होतं.

निघायच्या दिवशी डबा नेमका आमच्याकडे. तिनं त्यात पुरणपोळ्या भरल्या. मी चपला घातल्या.

"थांबा. निघतानाचा डबा पुरुषानं द्यायचा नसतो."

"ही रीत कुठली?"

"आमच्याकडची." आणि तिनं ठेवणीतलं इरकल काढलं.

मंदाच्या घरी विहीणबाईंनी डबा घेऊन आम्हाला आत बसवलं. त्यांच्या पद्धतीप्रमाणे पाण्याचा पेला आणि भाजलेला पापड पुढे ठेवला. मंदा दाराची चौकट धरून उभी. कमलनं पेल्याकडे पाहिलं आणि पापड उचलला. पापडाबद्दल रीत काही बोलत नव्हती. पण सिंधी पापडात मिरी असते. तिसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मंदानं पेला पुढे केला. "आई."

कमल तो घटाघटा प्यायली. मग म्हणाली, "आणखी दे." मंदा तिच्या मांडीत डोकं खुपसून रडली. माझेही डोळे भरून आले, आणि मी पापडच खाल्ला नव्हता.

कराडला पिशवी उपसली तर तळाशी तोच डबा, पापडांनी गच्च भरलेला.

"हा इथं कसा?"

"राहिला असेल," कमल म्हणाली. विहीणबाईंनी तो तिच्या हातात दिलेला मी पाहिला होता.

प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी फक्त गप्प बसायला शिकलो होतो. स्टोव्ह पुसून कोपऱ्यात ठेवत विचारलं, "दिवाळीत डबा द्यायला जायचं, तेव्हा लागेलच ना हा स्टोव्ह?"

"माळ्यावर टाका," ती म्हणाली. "मंदाकडे गॅस आहे."